सीमाभागातल्या कॉलेजने खेळाडू कसे मिळवावेत आणि टिकवावेत

ॲडमिशनच्या जाहिरातीत ‘खेळाडूंना खास सवलत’ अशी एक ओळ टाकायची आणि जूनमध्ये वाट बघत बसायचे, असे करणाऱ्या कॉलेजकडे बहुतेक उरलेली पोरे येतात. चांगला पैलवान तोवर कोल्हापूरच्या तालमीत गेलेला असतो. पळणारा पोरगा अग्निवीरच्या मागे लागलेला असतो. खो-खो खेळणाऱ्या चपळ मुलीने घराजवळच्या कॉलेजात नाव घातलेले असते आणि तिथे मैदानच नसते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात खेळाडूंचा तुटवडा नाही. कॉलेज त्यांच्यापर्यंत उशिरा पोचते, आणि पोचले तरी घरच्यांच्या प्रश्नांना नेमके उत्तर देता येत नाही. पुढच्या जूनचा संघ यंदाच्या ऑगस्टमध्येच शोधायला लागतो.

आधी रिकाम्या जागा मोजा

जुलैअखेर फिजिकल डायरेक्टरने, म्हणजे कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाने, एक कागद करावा. प्रत्येक खेळात शेवटच्या वर्षाला कोण आहे आणि तो गेल्यावर नेमके काय रिकामे होणार, एवढेच त्यात लिहायचे. ‘कबड्डीला चार पोरे पाहिजेत’ असे लिहून उपयोग नाही. ‘डावा कोपरा एक, उंच रेडर एक, राखीव दोन’ असे लिहिले की शोध सोपा होतो. कबड्डीत पुरुषांना ८५ आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा आहे. ऑगस्टमध्ये ८३ किलोचा दिसणारा दणकट पोरगा हॉस्टेलच्या जेवणावर डिसेंबरात मर्यादेबाहेर जाऊ शकतो, हेही तिथेच टिपून ठेवावे.

कुस्तीत हे गणित आणखी कडक आहे. पुरुषांच्या फ्रीस्टाइलची दहा वजने आहेत: ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५. एका वजनात संघातून एकच पैलवान उतरतो. ७४ चे दोन चांगले पैलवान घेतले तर त्यातला एक वर्षभर बसून राहतो आणि दुसऱ्या वर्षी निघून जातो. याउलट ५७ आणि ६१ ची पोरे कुणाच्या नजरेत भरत नाहीत, कारण यात्रेच्या मैदानात मोठे इनाम जड पैलवानाच्या कुस्तीला असते आणि हलका पोरगा लवकर लढून घरी गेलेला असतो. कमी खर्चात पदक आणायचे असेल तर या हलक्या वजनांकडे आधी बघावे.

कुठे बघायचे

शाळांच्या तालुका स्पर्धा साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात. जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. बेळगावच्या जिल्हा स्टेडियमवर दोन दिवस बसून ‘जिल्हा पाहिला’ असे म्हणणाऱ्याला निपाणी, रायबाग, अथणीकडची पोरे दिसलेलीच नसतात. पीयू, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या कॉलेजांच्या स्पर्धा वेगळ्या होतात. डिग्रीसाठी खेळाडू हवा असेल तर हायस्कूलपेक्षा तिथे जास्त वेळ द्यावा.

स्पर्धेला गेल्यावर फायनल बघून परत येऊ नये. पहिल्या फेरीत हरलेल्या संघातला एकटा चांगला खेळाडू फायनलपर्यंत दिसतच नाही. कणकुंबी, जांबोटीकडच्या लहान शाळांच्या संघात बऱ्याचदा असा एखादाच असतो, आणि त्याला विचारायला दुसरे कोणी आलेले नसते.

यात्रांचा हंगाम मार्च ते मे. येळ्ळूर आणि बेळगावचा आनंदवाडी आखाडा इथली मैदाने सगळ्यांना माहीत आहेत, पण गावोगावच्या लहान मैदानांतच नवी पोरे दिसतात. तिथे थेट पोराशी बोलू नये. आधी वस्तादांना भेटावे. वस्तादांना डावलून पोराला कॉलेजात नेले तर ती तालीम कायमची बंद झाली असे समजा. वस्तादांना एकच हवे असते, पोरगा सुट्टीत तालमीत येत राहावा. ते तोंडी कबूल न करता वेळापत्रकात घालून दाखवावे.

भरतीची तयारी करणारी पोरे हा आपल्याकडे दुर्लक्षिलेला खजिना आहे. पहाटे पाचला खानापूर रस्त्यावर, सांबऱ्याकडे किंवा गावच्या शाळेच्या मैदानात पळणारी पोरे बघा. सैन्यभरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पळाले की पूर्ण गुण मिळतात. गावात ‘साडेपाचवाला’ म्हणजे हिरो. पण हा वेग म्हणजे ४०० मीटरला साडेब्याऐंशी सेकंद, आणि त्याच वेगाने १५०० मीटर ५ मिनिटे ९ सेकंदांत होतात. आंतरकॉलेज ट्रॅकवर तेवढ्याने काही होत नाही. १६०० मीटर ४ मिनिटे ५० सेकंदांत पळणारा मात्र १५०० मीटर साधारण ४ मिनिटे ३२ सेकंदांत पळू शकतो, आणि तेही कुणी शिकवलेले नसताना. त्याला घ्यावे.

सगळ्यात स्वस्त भरती आपल्याच कॅम्पसमध्ये असते. पीयूतला खेळाडू डिग्रीला दुसरीकडे जातो याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते की त्याला कुणी विचारलेच नाही. पीयूच्या स्पर्धा पदवीपूर्व शिक्षण खात्याच्या आणि डिग्रीच्या विद्यापीठाच्या, त्यामुळे दोन्हीकडचे फिजिकल डायरेक्टर एकमेकांच्या पोरांना ओळखत नाहीत. डिसेंबरात दोघांनी एकत्र बसून सेकंड पीयूसीच्या खेळाडूंची यादी करावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

चाचणी घेताना

निवड चाचणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवण्याची पद्धत बंद करावी. मृगाचा पाऊस लागला की लाल मातीच्या मैदानाचा चिखल होतो, चाचणी पुढे ढकलली जाते आणि लांबून आलेला पोरगा पुन्हा येत नाही. पीयूसीचा निकाल लागल्यावर, मेच्या मध्यात, सकाळी साडेसहा ते दहा ही वेळ चांगली. तरीही वळीव येतोच, म्हणून एक हॉल राखून ठेवावा.

५० मीटरचा टेप, दोन स्टॉपवॉच, चुना, वजनकाटा आणि नोंदवही, एवढे सामान पुरते. अंतर टेपनेच मोजावे. मोटरसायकलच्या मीटरवर मोजलेला १६०० मीटरचा रस्ता ८० मीटर कमी भरला तर साडेपाच मिनिटांच्या वेगाला सुमारे साडेसोळा सेकंदांचा खोटा फायदा होतो, आणि सगळी यादी उलटसुलट होते. १०० मीटरची वेळ हाताने घेतली असेल तर इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवावे लागतात. गावच्या स्पर्धेतला ‘११.२’ ऐकून हुरळून जाऊ नये.

३० मीटर धाव, जागेवरून लांब उडी (तीनपैकी सर्वोत्तम), १० मीटरच्या सहा फेऱ्या आणि खेळानुसार दहा मिनिटांचा प्रत्यक्ष सामना, यातून पुरेसे कळते. प्रत्येकाला डाव्या आणि उजव्या पायावर वेगवेगळी एकपायी उडी मारायला सांगावी. दोन पायांत स्पष्ट फरक दिसला किंवा पोरगा एका पायावर उतरताना कचरला, तर गुडघ्याची जुनी दुखापत असू शकते. कबड्डीत हे फार. हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नये, आणि ‘तुझा गुडघा गेलाय’ असे चारचौघांत म्हणू नये.

पैलवानाच्या अंगावर नायटा आहे का, तेही पाहावे. मान, दंड, मांड्या आणि कानामागे गोल, कडेला लालसर, मध्ये फिकट चट्टा दिसतो. लपवून तो मॅटवर उतरला की महिन्याभरात निम्म्या संघाला नायटा होतो, आणि स्पर्धेच्या वैद्यकीय तपासणीत पंच त्याला बाजूला काढू शकतात. उपचाराला काही आठवडे लागतात, म्हणजे मेमध्ये सापडला तर जुलैपर्यंत पोरगा मॅटवर येतो. मेडिकलमधून विचारून आणलेले स्टेरॉइडवाले मलम लावू देऊ नये. चट्टा दबल्यासारखा दिसतो आणि पुन्हा पसरतो.

वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर घ्यावे. चालता-फिरता ६६ किलोचा पोरगा ‘मी ६१ ला खेळतो’ म्हणाला तर तो उपाशी राहून खेळतो असा अर्थ घ्यावा. त्याला ६५ साठीच धरावे.

घरी जाऊन काय बोलायचे

निर्णय इथे होतो, म्हणून या भागाला घाई करू नये. संध्याकाळी सातनंतर जावे, कारण त्याआधी माणसे शेतात नाहीतर वखारीत असतात. दोघांनी जावे, आणि मुलीच्या घरी जाताना त्यात एक मॅडम असाव्यातच. कॉलेजची रंगीत पुस्तिका बाहेर काढण्याआधी घरच्यांचे बोलणे ऐकावे. प्रश्न ठरलेले असतात.

“सर, सांजच्याला प्रॅक्टिस सुटल्यावर ही घरला कशी येणार?” हा पहिला. याला ‘आम्ही सोय करू’ हे उत्तर चालत नाही. गावाला जाणाऱ्या शेवटच्या बसची वेळ स्टँडवर जाऊन आधी लिहून आणावी आणि प्रॅक्टिस त्याच्या पाऊण तास आधी सुटेल असे बसवावे. बस साडेसहाची असेल तर त्या मुलीची प्रॅक्टिस पावणेसहाला संपते, उरलेला संघ खेळत राहिला तरी. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसचे तिकीट लागत नाही, त्यामुळे खानापूर किंवा निपाणीकडच्या मुलींना बसखर्च आता लागतच नाही. चंदगड तालुक्यातून शिनोळीमार्गे येणाऱ्या मुलीला मात्र ही सवलत नाही. तिचा पास कॉलेजने काढून द्यायचा की नाही, ते घरी जाण्याआधी ठरवावे.

दुसरा प्रश्न फीचा. ‘फी माफ’ हे दोन शब्द सगळ्यात जास्त भांडणे लावतात. कॉलेजची ट्यूशन फी माफ करणे कॉलेजच्या हातात आहे. विद्यापीठाची नोंदणी आणि परीक्षा फी विद्यापीठाकडे भरावीच लागते. पहिल्या सेमिस्टरला परीक्षा फीची नोटीस लागली की बाप कॉलेजात येऊन विचारतो, ‘माफ होती न्हवं?’ म्हणून एका कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात: कुठली फी माफ, कुठली भरायची, हॉस्टेलचे किती, आणि ही सवलत पुढच्या वर्षी चालू राहायला काय लागेल. खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का. एक प्रत घरी, एक ऑफिसात.

इथे एक बारकावा बहुतेक कॉलेजे विसरतात. ज्या मुलाला सरकारी शिष्यवृत्तीतून फी परत मिळणार आहे त्याला फी माफीचा काही फायदा नाही. त्याची स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवरची पात्रता आधी बघावी आणि वाचलेला पैसा खुराकाला वळवावा. जातीचे आणि उत्पन्नाचे कर्नाटकाचे दाखले नसलेल्या, सीमेपलीकडून येणाऱ्या मुलाला उलट फी माफीचीच जास्त गरज असते. सगळ्यांना एकच सवलत देणे दिसायला न्याय्य, पण त्यात पैसा चुकीच्या ठिकाणी जातो.

खुराकाचा हिशोब तोंडी करू नये. रोज अर्धा लिटर दूध, दोन अंडी, दोन केळी आणि मूठभर भिजवलेले हरभरे, असे माणशी ६० रुपये धरले तर कबड्डीच्या १२ जणांना १५० दिवसांचे १ लाख ८ हजार रुपये होतात. जिमखान्याच्या पैशातून एवढे निघत नसतील तर दिवस कमी करावेत, दूध पातळ करू नये. अंडी न खाणाऱ्या घरांसाठी शेंगदाणे आणि जास्तीचे दूध असा पर्याय त्याच कागदावर लिहावा. पैलवानाला हे पुरत नाही. त्याचे बदाम आणि तूप घरून येते हे गृहीत असेल तर घरच्यांना तसे स्पष्ट सांगावे.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि तो बऱ्याचदा विचारला जात नाही, नुसता चेहऱ्यावर दिसतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला डिग्रीला भाषा विषय म्हणून मराठी घेता येईल का, वर्गात शिकवणे कुठल्या भाषेत, ऑफिसातला कानडी फॉर्म भरायला कोण मदत करणार, हे आपणहून सांगावे. कॉलेजात मराठी विषय नसेल तर तसेच सांगावे. ॲडमिशननंतर कळले तर पोरगा पंधरा दिवसांत कागद काढून गडहिंग्लजला जातो.

मग कोल्हापूर. ‘तिकडे मोठ्या तालमी आहेत, महाराष्ट्रात खेळाडूंना नोकरीत पाच टक्के आहेत,’ हे वाक्य येणारच. खोडून काढायला जाऊ नये, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त नोकरीतल्या त्या आरक्षणाला महाराष्ट्राच्या रहिवासाची अट कशी लागू होते, ते कागद बघून तपासा म्हणावे, आणि आपली खरी बाजू मांडावी. कोल्हापुरात एकेका वजनाला विद्यापीठाच्या संघासाठी मोठी रांग असते. आपल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात त्याच पोराला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच संघात जागा मिळण्याची शक्यता जास्त, आणि विद्यापीठाकडून खेळल्याशिवाय खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचे दार उघडत नाही. एवढे सांगून गप्प बसावे. त्याच रात्री ‘हो’ म्हणवून घेतलेला पोरगा सकाळी वस्तादांशी बोलून बदलतो. चार दिवसांनी फोन करावा.

कागदपत्रे

खेळाडू मिळाला पण पहिली स्पर्धा हुकली, असे झाले तर नव्वद टक्के दोष कागदांचा, हे आमचे मत. महाराष्ट्र बोर्डातून बारावी करून येणाऱ्याला मायग्रेशन आणि विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र लागते. ते सप्टेंबरात हातात आले तर ऑगस्टची आंतरकॉलेज स्पर्धा गेली. अर्ज ॲडमिशनच्या दिवशीच ऑफिसात बसवून भरून घ्यावा.

जन्मतारीख एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवरची धरतात. आधारवर दुसरी असेल तर मेमध्येच आधार दुरुस्त करायला पाठवावे, स्पर्धेच्या आदल्या रात्री ते होत नाही. विद्यापीठ पातळीवर १७ ते २५ अशी वयोमर्यादा आहे आणि शिक्षणात खंड पडलेल्यांना आणखी अटी आहेत. दोन-चार वर्षे नोकरी करून परत आलेल्या खेळाडूचे गणित त्या वर्षीच्या नियमपत्रकावर बोट ठेवून करावे. एका विद्यापीठातून मध्येच सोडून आलेल्याचेही तसेच. एक अपात्र खेळाडू उतरवला की सगळ्या संघाचा निकाल रद्द होऊ शकतो.

पीयूसीच्या आता वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा होतात. पहिल्या परीक्षेत एक विषय राहिलेला खेळाडू म्हणजे गेलेला खेळाडू नव्हे. बाकी कॉलेजे त्याच्याकडे पाठ फिरवतात, नेमके तेव्हा त्याला त्या विषयाची शिकवणी लावून द्यावी. पुढच्या परीक्षेत सुटला की ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेत तो बसतो का, हे ऑफिसला आधीच विचारून ठेवावे.

जून ते सप्टेंबर

ॲडमिशन घेतलेले खेळाडू याच चार महिन्यांत गळतात. पावसाने मैदान बंद, प्रॅक्टिस नाही, खोलीवर बसून कंटाळा, आणि गावात नाट्टीची, म्हणजे भातलावणीची कामे. पहिल्या आठवड्यापासून हॉलमध्ये, नाहीतर व्हरांड्यात का होईना, रोज तास-दीड तासाची मेहनत चालू ठेवावी: जोर, बैठका, दोरउड्या, दोर चढणे. कबड्डीला मातीवरून मॅटवर आलेल्या पोरांना याच काळात बूट घालून वळायला शिकवावे. मातीवर पाय सरकतो, मॅटवर रुततो, आणि न शिकता पूर्ण ताकदीने वळले की घोटा नाहीतर गुडघा जातो.

हजेरीचे ७५ टक्के विसरू नयेत. प्रत्येक स्पर्धेनंतर तीन दिवसांत ऑन ड्यूटीचे पत्र विभागप्रमुखांकडे पोचवावे. सेमिस्टरच्या शेवटी गठ्ठा नेऊन टाकला तर प्राध्यापक वैतागतात, आणि भोग पोराच्या इंटर्नल गुणांना.

पैशाचे सामने ही मोठी अडचण. गणपती, दसरा, दिवाळीच्या आसपास गावोगावच्या कबड्डीत रोख बक्षीस असते आणि पोरगा तीन गावांकडून खेळून लंगडत परत येतो. सरसकट बंदी घातली तर तो लपून जातो. त्यापेक्षा विद्यापीठ स्पर्धेच्या आधीचे २१ दिवस बाहेर खेळायचे नाही, बाकी वेळी सांगून जायचे, असा नियम त्याच चार ओळींच्या कागदात घालावा. जिममधल्या पावडरी आणि गोळ्यांबद्दलही त्यातच लिहावे. विद्यापीठ स्पर्धांत नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची) तपासणी होऊ शकते आणि ‘मला माहीत नव्हते’ हे तिथे चालत नाही.

भरतीला जाणाऱ्या पोराला अडवू नये. साडेसतरा पूर्ण झाले की तो अर्ज भरणारच. भरतीच्या तारखा त्याच्याकडून घेऊन स्पर्धांच्या तक्त्यात टाकाव्यात आणि त्याच्या जागी राखीव खेळाडू तयार ठेवावा. निवड झाली तर टीसी त्याच दिवशी द्यावी, थकबाकीचे निमित्त काढून चार हेलपाटे घालायला लावू नयेत. त्याच गल्लीत, त्याच मैदानात त्याचा धाकटा भाऊ पहाटे पळत असतो. त्याचे नाव आणि इयत्ता पुढच्या ऑगस्टच्या वहीत लिहून घ्यावी.